कागद आहे, पण सापडत नाही: तीन भाषांच्या कार्यालयात टॅग कसे सांभाळावेत

खानापूर, निपाणी, चिकोडी किंवा बेळगाव शहरातल्या पतसंस्थेचे कागद आता कपाटात कमी आणि संगणकावर जास्त असतात. जो कागद चढवतो तो त्याला आपल्या मनाने टॅग, म्हणजे पुढे शोधता यावा म्हणून ओळखीचा शब्द, लावतो. मराठी शाळेत शिकलेला क्लार्क 'ठेव' लिहितो, कानडी शाळेत शिकलेली शेजारची सहकारी 'ठेवणी' लिहिते, ऑडिटचे काम बघणारा 'डिपॉझिट' लिहितो. तिघांचेही बरोबर असते. सहा महिन्यांनी व्याजदराचा ठराव हवा असतो तेव्हा मात्र तीन शब्दांत विखुरलेले कागद एकत्र येत नाहीत. मग फोन लावायचा, "अहो, तो ठराव कुठल्या नावानं टाकलाय?" फोन करून कागद शोधावा लागत असेल, तर टॅग लावण्यात गेलेला वेळ फुकट गेला असे समजावे.

बरीच कार्यालये यावर मोकळे टॅग बंद करतात आणि वरून एक ठरीव यादी देतात. असे करू नये. ठरीव यादीत लोकांचे रोजचे शब्द नसतात, आणि मग सगळे कागद 'इतर' या खान्यात जाऊन बसतात. शब्द लोकांचेच राहू द्यावेत. ते एकमेकांना बांधून ठेवण्याचे काम मात्र नेमून दिलेल्या माणसाकडे असावे. पुढची सगळी कृती याच एका गोष्टीसाठी आहे. आकडे दहा ते चाळीस माणसांची संस्था आणि काही हजार कागद धरून दिले आहेत. पतसंस्था असो, पीकेपीएस (गावची प्राथमिक कृषी पतसंस्था) असो, दूध संघ असो की शाळा, पद्धत तीच.

इंटरनेटवर जमते ते कार्यालयात का जमत नाही

वेबपानांच्या खुणा साठवण्याचे डिलिशस हे संकेतस्थळ २००३ साली आणि फोटोंचे फ्लिकर २००४ साली सुरू झाले. लोकांनी आपापल्या शब्दांत टॅग लावायचे ही रीत तिथून पसरली आणि थॉमस वँडर वाल यांनी २००४ मध्ये तिला 'फोकसॉनॉमी' हे नाव दिले. डिलिशसवर एकाच पानाला शेकडो लोक टॅग लावत. कोणी चुकीचा शब्द लिहिला तरी बहुतेकांचा शब्द आपोआप वर येई. कार्यालयात एका कागदाला एकच माणूस, एकदाच, घाईत टॅग लावतो. तिथे बहुमत तयारच होत नाही. जॉर्ज फर्नास या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवून दिले होते की एकाच गोष्टीला दोन माणसे आपण होऊन एकच शब्द वापरतील ही शक्यता २० टक्क्यांहूनही कमी असते. इथे तर एका टेबलावर मराठी, शेजारी कानडी आणि वरून येणारे पत्र इंग्रजीत.

दुसरी अडचण माणसांच्या कामाची आहे. टॅग लावणारा आणि शोधणारा बहुधा वेगळे असतात. लावणाऱ्याच्या डोक्यात आजचे काम असते, म्हणून तो 'अर्जंट', 'मार्च एंड', 'साहेबांना दाखवणे' असे लिहून मोकळा होतो. हे टॅग त्याच्यापुरते खरे असतात, पण दोन वर्षांनी शोधणाऱ्याला त्यांतून काहीच कळत नाही. म्हणून टॅगकडे आधी शोधणाऱ्याच्या बाजूने बघायचे.

आधी शोध-वही, मग टॅग

सॉफ्टवेअर निवडण्याच्या आधी दोन आठवडे प्रत्येक शाखेत एक साधी वही ठेवावी. तीन रकाने पुरे: काय शोधले, कुठे सापडले, किती मिनिटे लागली. पहिल्या रकान्यात विचारणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, शुद्ध करायचे नाहीत. 'टेंपोच्या लोनचा जामीनदार बदलला तो कागद' असे कोणी म्हणाले तर तेवढेच लिहावे, 'हमीदार बदल प्रस्ताव' नव्हे. जे सापडले नाही त्याखाली रेघ ओढावी. पन्नास-साठ नोंदी जमल्या की पुरे होते. आपली माणसे नेमक्या कोणत्या शब्दांनी शोधतात ते या वहीतून कळते. ही पायरी गाळली तर पुढचे सगळे अंदाजपंचे होते.

वही वाचताना लक्षात येईल की बऱ्याच प्रश्नांतला अर्धा भाग टॅगचा नसतोच. कुठल्या शाखेचा, कुठल्या वर्षीचा, ठराव की पत्र, कोणत्या खात्याचा, या गोष्टींना निवडीचे रकाने हवेत. सहा रकाने करावेत: कागदाचा प्रकार, शाखा, तारीख, सभासद किंवा खाते क्रमांक, कागदाची भाषा आणि कोणी बघायचे ते. पहिले दोन आणि शेवटचे दोन यादीतूनच निवडायचे, टाईप करायचे नाहीत. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने भरावी. आर्थिक वर्ष हाताने लिहू नये, कारण '२०२३-२४', '२३-२४' आणि 'मार्च २४' हे तिन्ही एकाच वर्षासाठी येतात. तारखेवरून वर्ष संगणकाला काढू द्यावे. विषयाचे असे पैलू पाडून वर्गीकरण करण्याची रीत ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ सालीच ग्रंथालयांसाठी मांडली, आणि त्यांनीच १९६२ साली बंगळूरला प्रलेखन (डॉक्युमेंटेशन) संशोधनाचे केंद्र उभे केले. ग्रंथपालांचे हे ज्ञान आपल्याच राज्यात रुजले आहे. जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना या कामासाठी अर्धा दिवस बोलवावे, फार उपयोग होतो.

रकान्यांत बसले नाही, ते म्हणजे 'कागद कशाबद्दल आहे' एवढेच, टॅगमध्ये जाते. एका कागदाला कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच टॅग. पाचाची मर्यादा सॉफ्टवेअरमध्येच घालावी. पाचाच्या पुढे लोक भरीला 'कर्ज', 'संस्था', 'कागद' असे शब्द टाकू लागतात आणि शोधताना नको ते शंभर निकाल येतात.

शब्द-वही: भाषांचा वाद न घालता

आता मुख्य काम. प्रत्येक अर्थाला एक क्रमांक द्यायचा आणि त्या क्रमांकाखाली सगळे शब्द बांधायचे. मराठी शब्द मुख्य की कानडी, हा प्रश्न आपल्या भागात लगेच तापतो आणि काम तिथेच थांबते. क्रमांक मुख्य मानला की प्रश्नच उरत नाही. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २००९ साली ठरवलेला 'स्कोस' हा मानकसंच नेमके हेच करतो. त्यात एका अर्थाला प्रत्येक भाषेत एकेक पसंतीचा शब्द असतो आणि पर्यायी शब्द हवे तेवढे. मराठी वाचणाऱ्याला पडद्यावर मराठी शब्द दिसतो, कानडी वाचणाऱ्याला कानडी. कागद तेच निघतात. कोणाचा शब्द कोणाच्या खाली जात नाही, आणि सीमाभागातल्या कार्यालयात ही गोष्ट लहान नाही.

एक नोंद पूर्ण पाहा:

क्रमांक: १४
मराठी: मुदत ठेव
कानडी: निश्चित ठेवणी (वहीत कानडी लिपीत)
इंग्रजी: फिक्स्ड डिपॉझिट (वहीत रोमन लिपीत)
असेही लिहितात: मुदतठेव, मुदत बंद ठेव, एफडी, एफडीआर, फिक्स
वरचा अर्थ: ठेव (१०)
जवळचा अर्थ: ठेव तारण कर्ज (३१)
यात धरू नये: पिग्मी (१५), आवर्त ठेव (१६)

'यात धरू नये' ही ओळ लोक गाळतात, आणि वर्षभरात सगळ्यात जास्त गोंधळ तिच्यावाचूनच होतो. पिग्मीचेच बघा. उडुपीच्या ज्या संस्थेची पुढे सिंडिकेट बँक झाली तिने १९२८ साली ही योजना काढली. आज आपल्याकडे रोजच्या रोज दुकानात येऊन गोळा होणाऱ्या ठेवीला सर्रास पिग्मीच म्हणतात. छापील फॉर्मवर मात्र 'दैनिक ठेव' असते. म्हणजे १५ क्रमांकाखाली पिग्मी, पिग्मि, दैनिक ठेव, डेली कलेक्शन हे चारही हवेत, पण 'पिग्मी एजंट कमिशन' हा वेगळा अर्थ आहे, त्याला वेगळा क्रमांक.

वही एका स्प्रेडशीटमध्ये ठेवली तरी चालते. सुरुवातीला ऐंशी ते दीडशे अर्थ पुरतात. ते शोध-वहीतून आणि आधीच लावलेल्या टॅगच्या यादीतून काढावेत, कोणाच्या डोक्यातून नव्हे. वही सांभाळायला दोन माणसे हवीत, एक मराठी सहज वाचणारे आणि एक कानडी. एकट्यावर सोपवली तर दुसऱ्या भाषेतले पर्याय हळूहळू यायचे थांबतात.

सारखे दिसणारे, पण सारखे नसलेले

शब्द बांधताना उत्साहात नको तेही बांधले जातात. आपल्या भागात हमखास फसवणारे शब्द असे.

पहणी आणि पाहणी. कर्नाटकात जमिनीच्या उताऱ्याला कानडीत पहणी म्हणतात, कार्यालयात आरटीसी. मराठीत पाहणी म्हणजे जागेवर जाऊन बघणे. घाईत दोन्हींसाठी 'पहाणी' असे टाईप होते आणि तारण जागेचा पाहणी अहवाल उताऱ्यांच्या ढिगात जातो. उपाय: 'पहाणी' हा टॅग नुसता घेऊच नये. तो टाकताच 'आरटीसी उतारा की स्थळ पाहणी?' असे विचारणारी निवड समोर यावी.

सातबारा आणि आरटीसी. हे समानार्थी नाहीत. सातबारा म्हणजे महाराष्ट्रातले गाव नमुना सात आणि बारा, आरटीसी हा कर्नाटकातला उतारा. चंदगड किंवा कागल तालुक्यात जमीन आणि खाते मात्र इकडच्या शाखेत, असे सभासद सीमेवर असतात. दोन्ही शब्द एका क्रमांकाखाली टाकले तर वेगवेगळ्या राज्यांची कागदपत्रे मिसळतात. 'जमीन उतारा' हा वरचा अर्थ करून त्याखाली दोन वेगळे क्रमांक द्यावेत. वरच्यावर शोधले तर दोन्ही निघतात, खालच्यावर शोधले तर एकच.

साल. मराठीत वर्ष, कानडीत कर्ज. 'सालमन्ना' म्हणजे कर्जमाफी हे इथे कोणाला सांगावे लागत नाही, पण संगणकाला सांगावे लागते. देवनागरीत लिहिलेला एकटा 'साल' हा टॅग स्वीकारू नये.

खत. खते विकणाऱ्या आणि कर्जही देणाऱ्या पीकेपीएसमध्ये हा शब्द रोज अडतो. युरियाच्या साठ्याचे पत्रही 'खत' आणि गहाणखतही 'खत'. इथे जोडशब्दच हवा: रासायनिक खत, गहाणखत, खरेदीखत. जामीन आणि जमीन यांत तर एका कान्याचाच फरक आहे, म्हणून 'जामीन'ऐवजी 'जामीनदार' हा शब्द धरावा.

गावांची नावे टॅग म्हणून नकोतच, शाखेच्या रकान्यात हवीत. सांगली जिल्ह्यातही खानापूर तालुका आहे, हे विसरून चालत नाही. शिवाय नावे बदलली आहेत. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी आणि विजयपुर येते, त्याआधीच्या इंग्रजी कागदावर बेलगाम आणि बिजापूर. बेळगाव, बेळगांव, बेळगावी, बेलगाम, सौंदत्ती आणि सवदत्ती, निपाणी आणि निप्पाणी अशी सगळी रूपे एकेका क्रमांकाखाली बांधावीत. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीच्या कागदांवर मुंबई राज्य आणि १९७३ पर्यंतच्या कागदांवर म्हैसूर राज्य असते. जुन्या संस्थांच्या पोटनियमांच्या प्रती शोधताना याची आठवण ठेवावी.

अक्षर तेच दिसते, पण संगणकाला वेगळे वाटते

शब्द-वही नीट झाली तरी काही टॅग जुळत नाहीत, आणि कारण डोळ्यांना दिसत नाही. 'ॲडव्हान्स' आणि 'अॅडव्हान्स' हे दोन शब्द टाईप करून बघा. पहिल्यात ॲ हे एकच अक्षर आहे, युनिकोड (संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारे मानक) क्रमांक ०९७२, ते २००८ साली युनिकोडमध्ये आले. दुसऱ्यात अ आणि वरचा चंद्र अशी दोन चिन्हे आहेत. पडद्यावर फरक जाणवत नाही, शोधात मात्र हे दोन परके शब्द ठरतात. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण, ज्याला एनएफसी म्हणतात, ते ही जोडी एक करत नाही. त्यासाठी अदलाबदलीचा वेगळा नियम लिहावा लागतो.

'शेतकऱ्यांना' मधला ऱ्या असाच. तो ऱ वापरून लिहिता येतो, र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) जोडूनही लिहिता येतो, आणि काही कळफलकांवर र्, मग एक न दिसणारे जोडचिन्ह, मग या असाही येतो. पहिले दोन एनएफसीने एक होतात, तिसरा होत नाही. न दिसणारी चिन्हे सरसकट पुसून टाकली तर तिसऱ्याचे 'शेतकर्यांना' होते आणि तो आणखीच दूर जातो. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे:

१. जोडचिन्हाने लिहिलेला र् आधी ऱ् मध्ये बदलावा.
२. 'अ' आणि चंद्र यांची जोडी ॲ मध्ये बदलावी.
३. एनएफसी चालवावे.
४. उरलेली न दिसणारी चिन्हे काढावीत.
५. देवनागरी, कानडी आणि इंग्रजी अंक एकाच प्रकारात आणावेत.

हे सगळे शोधासाठीच्या प्रतीवर करायचे. दिसणाऱ्या शब्दाला हात लावायचा नाही. सॉफ्टवेअर देणाऱ्याला या पाच ओळी जशाच्या तशा द्याव्यात. 'आमचे सॉफ्टवेअर युनिकोड आहे' एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. समोर बसवून 'ॲडव्हान्स' दोन्ही प्रकारे शोधून दाखवायला सांगावे आणि निकालांची संख्या मोजावी.

जुन्या फाईलींचे दुखणे वेगळे. श्री-लिपी किंवा कानडीसाठीच्या नुडीच्या जुन्या फाँटमध्ये टाईप केलेला मजकूर आतून युनिकोड नसतोच, त्यामुळे शोधात कधीच येत नाही. असा मजकूर आधी रूपांतरित करावा, मग टॅग लावावा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका (वसुली-वसूली, मंजुरी-मंजूरी) आणि १९६२ च्या नियमांआधीचे अनुस्वार शब्द-वहीत पर्यायी रूपे म्हणून घालावेत. त्यावरून कोणाला टोकू नये, नाहीतर लोक टॅग लावणेच सोडतात. टॅग मात्र मूळ रूपात, एकवचनात, प्रत्ययाशिवाय: 'शेतकऱ्यांचे' नव्हे, 'शेतकरी'.

जमते आहे का, ते मोजा

दोन चाचण्या पुरतात. पहिली: तीस कागद घ्यावेत, दोघांनी एकमेकांना न विचारता टॅग लावावेत. एकाने पिग्मी, थकबाकी, एजंट लिहिले आणि दुसऱ्याने पिग्मी, वसुली, तर समान टॅग एक, एकूण वेगळे टॅग चार, म्हणजे जुळणी २५ टक्के. तीस कागदांची सरासरी काढावी. मग हेच टॅग शब्द-वहीतल्या क्रमांकांत बदलून पुन्हा मोजावे. दोन सरासरींत जेवढे अंतर, तेवढे काम शब्द-वही करते आहे. अंतर नगण्य असेल तर वहीत लोकांचे खरे शब्द आलेले नाहीत.

दुसरी चाचणी जास्त मोलाची. शोध-वहीतले वीस प्रश्न, ज्याने ते कागद चढवले नाहीत असा माणूस आणि प्रत्येक प्रश्नाला तीन मिनिटे. वीसपैकी सोळा सापडले तर गाडी रुळावर आहे असे आम्ही मानतो. न सापडलेल्या प्रत्येकाचे कारण लिहावे: टॅगच नव्हता, शब्द वेगळा होता, निकाल फार आले, की अक्षर जुळले नाही. टॅग नसेल तर माणसाला सांगावे, शब्द वेगळा असेल तर वहीत घालावा, अक्षराचे असेल तर सॉफ्टवेअरवाल्याला बोलवावे. निकाल फार येत असतील तर तो टॅग फोडावा. एक टॅग पाचापैकी एकाहून जास्त कागदांवर असेल तर तो शोधाच्या कामाचा राहिलेला नाही. 'कर्ज' फोडून सोने तारण, वाहन, पीक, गृह असे करावे.

दर आठवड्याला दहा मिनिटे नवे टॅग बघायचे. आठवड्याचे कारण असे की सॉफ्टवेअर टाईप करताना जुने टॅग सुचवते, आणि सोमवारी चुकून पडलेला 'थकबकी' शनिवारपर्यंत सगळे उचलतात. महिन्यातून एकदा तासभर बसून एकदाच वापरलेले टॅग तपासावेत. टॅग कधी पुसू नये, योग्य क्रमांकाखाली पर्यायी म्हणून बांधावा. पुसला तर तो शब्द लक्षात ठेवून शोधणारा माणूस रिकाम्या हाताने परत जातो.

टॅगमधूनच गुपित फुटते

कागद कुलूपबंद असला तरी टॅगची यादी बऱ्याचदा सगळ्यांना दिसते. 'कोर्ट केस' टॅगशेजारी सभासदाचे नाव टॅग म्हणून असेल तर कागद न उघडताही गावभर बातमी होते. लहान गावात त्या माणसाचे नुकसान भरून येत नाही. माणसाचे नाव टॅगमध्ये कधीही नको. फाईली साठवण्याच्या नेक्स्टक्लाऊडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टॅग सर्वांसाठी खुला, ठरावीक लोकांनीच लावायचा किंवा अदृश्य असा ठेवता येतो. थकबाकी, वसुली दावे आणि नोकरवर्गाच्या चौकशीचे टॅग खुले ठेवू नयेत.

मागचे कागद

जुना सगळा साठा टॅग करायला घेऊ नका, ते काम पुरे होत नाही आणि रोजचेही मागे पडते. मागच्यांपैकी जो कागद कोणी शोधला तो सापडल्यावर लगेच टॅग करायचा, एवढा नियम ठेवावा. छापील कागद ३०० डीपीआयने स्कॅन करावेत. टेसरॅक्ट हे स्कॅनमधली अक्षरे ओळखणारे मोफत सॉफ्टवेअर मराठी आणि कानडी दोन्ही वाचते, पण कोणती भाषा ते आधी सांगावे लागते, म्हणूनच भाषेचा रकाना. हाताने लिहिलेल्या प्रोसिडिंग बुकाला यंत्राचा भरवसा नाही. तिथे पूर्ण बुकाला टॅग लावून उपयोग नसतो, कारण एका बुकात शेकडो ठराव असतात. प्रत्येक ठरावाची वेगळी नोंद करावी: सभेची तारीख, ठराव क्रमांक, पान आणि दोन टॅग. कानडी भाषेतल्या बुकांवर 'नडावळी' असते, मराठीवर 'प्रोसिडिंग' किंवा 'इतिवृत्त', तिन्ही एकाच क्रमांकाखाली घ्यावेत. 'ठराव' दोन्ही भाषांत चालतो.

कोणाची बदली झाली किंवा कोणी निवृत्त होणार असेल, तर आठवडाभर आधी त्यांनी लावलेल्या टॅगची यादी छापून त्यांच्याजवळ बसावे. 'जुनी भानगड', 'काकांची फाईल' अशा टॅगचा अर्थ फक्त त्यांनाच ठाऊक असतो. प्रत्येकासमोर क्रमांक लिहून घ्यावा आणि त्याच दिवशी वहीत चढवावा.